मोटारीचे विजेचे कुलूप : ओळख व दक्षता

महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आले की पवारांच्या राज्यांचा काही इतिहास लिहावा. परंतु त्या विषयाचे जाणकार आपल्या सभासदांत पुष्कळ आहेत. मी पडलो शाळेत विज्ञान शिकविणारा मास्तर. तेव्हा नित्याच्या उपयोगातील एखाद्या वस्तूचा पाठ द्यावा, हेच बरे असे ठरविले. ती वस्तू म्हणजे मोटारीचे कुलूप.

विषय क्षुल्लक वाटेल. कुलूप ते काय, किल्ली फिरविली की लागते! पण आता किल्ली फिरवावी लागत नाही, येथूनच विषयास आरंभ होतो. आपल्या वडिलांच्या काळी गावात मोटार असे ती डॉक्टरांची, वकिलांची किंवा एखाद्या सरदार घराण्याची. अँबॅसडर किंवा फियाट गाडीच्या दाराचा खटका वर असला की दार उघडे, खाली असला की बंद, हे लहान मुलासही दिसे. आज पीथमपूर-देवासच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांच्या दारातही गाडी उभी असते. पीथमपूर तर आपल्या धार जिल्ह्यातलेच. मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग जून २०२१ मध्ये तेथे सुरू झाला. गाड्यांची परीक्षा आपल्या उंबरठ्याशी होते. पण गाडी वापरणाऱ्या घराला तिचे कुलूप कितपत समजले आहे, याची परीक्षा कोठेच होत नाही. माझी झाली आणि मी तीत नापास झालो. ती हकीकत आधी सांगतो.

एक अनुभव

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. नात्यातील एका निकाहासाठी आम्ही धारहून देवासला गेलो होतो. दुपारी बाराचा सुमार. कार्यालयासमोर उन्हातच गाडी उभी केली. माझी भाची उतरून डिकीतले आहेराचे सामान काढू लागली. तिची अडीच वर्षांची मुलगी मागच्या आसनावर पट्ट्यात बांधलेली होती. ती रडू नये म्हणून मीच तिच्या हातात गाडीची किल्ली खेळावयास दिली होती. मी उतरलो, दारे लागली, डिकी लागली आणि ‘खट्’ असा आवाज झाला. पोरीने बटण दाबले होते. पुढच्या क्षणी किल्ली तिच्या हातून निसटून आसनाखाली गेली.

आम्ही काचेला तोंड लावून तिला खुणा करू लागलो. अडीच वर्षांच्या मुलीला काय कळणार? दुसरी किल्ली धारला कपाटात. कोणी कुलपे दुरुस्त करणाऱ्यास फोन लावला. माणूस अर्ध्या तासात येतो, असे उत्तर आले. भाची म्हणाली, “मामू, काच फोडा.” मी म्हणालो, “जरा थांब, माणूस येतोच आहे.” हळूहळू मुलीचे रडणे कमी झाले, तेव्हा आम्हाला बरे वाटले. विज्ञानाच्या शिक्षकाला बरे वाटले! वस्तुतः ती उष्म्याने निपचित होत होती.

समोर पंक्चर काढणाऱ्याचे दुकान होते. तो चाकाचा पाना घेऊन आला. कोणालाही न विचारता मुलीपासून सर्वांत दूर असलेल्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर त्याने दोन-तीन घाव घातले. काच भुगा होऊन पडली. हात घालून त्याने दार उघडले तेव्हा गाडीचा भोंगा बोंबलू लागला. मुलगी घामाने निथळत होती, चेहरा लालबुंद. तिला तडक दवाखान्यात नेले. अल्लाच्या कृपेने संध्याकाळी ती पुन्हा खेळू लागली. मी त्या गृहस्थास पैसे देऊ लागलो तेव्हा तो म्हणाला, “मास्तरसाहेब, काच बाजारात मिळते.” पैसे त्याने घेतले नाहीत.

रात्री फोनवरील वेळा पाहून मी हिशेब केला. मुलगी बावीस मिनिटे आत होती. त्यातील निदान पंधरा मिनिटे मी काचेची किंमत मनात धरून उभा होतो.

त्या दिवसापासून मी या कुलपाचा अभ्यास केला. तोच येथे थोडक्यात मांडतो.

कुलपाची रचना

गाडीच्या प्रत्येक दाराच्या पोटात कुलपाची दांडी असते आणि ती सरकविणारी एक लहान विद्युत मोटर असते. चालकाजवळचे बटण दाबले किंवा किल्लीवरील बटण दाबले की सर्व दारांच्या मोटरी एकदम फिरतात आणि चारही कुलपे लागतात किंवा उघडतात. यालाच आपण सेंट्रल लॉक म्हणतो.

देवासच्या वाचकांना एक उपमा लगेच पटेल. १९४८ पर्यंत देवासच्या एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदत होत्या. गाडीच्या दारातही अशाच दोन सत्ता आहेत. एक विजेची, दुसरी दांडी-तारेची. विजेची सत्ता झटपट काम करते म्हणून आपण तिलाच ओळखतो. पण ती गाडीच्या बॅटरीवर अवलंबून आहे. बॅटरी संपली, तार तुटली, पाणी शिरले की तिचा अंमल सरतो. मग हाताने चालणारी दुसरी सत्ता कामास येते. ती कोठे आहे हे ज्याला ठाऊक, तोच अडचणीत दार उघडू शकतो.

मागच्या दारांना आणखी एक योजना असते. दार उघडून त्याची कड पाहिली तर तेथे एक छोटा खटका दिसेल. तो चाइल्ड लॉक. तो लावला की दार आतल्या हँडलने उघडत नाही, बाहेरून उघडते. धावत्या गाडीत मुलाने दार उघडू नये म्हणून तो आहे. त्याचा विजेशी संबंध नसतो. म्हणून सेंट्रल लॉक उघडले तरी चाइल्ड लॉक लागलेलाच राहतो. घरातील वृद्ध माणसे मागे बसतात तेव्हा त्यांना हे सांगून ठेवावे.

आता किल्लीविषयी. किल्लीतील बटण दाबले की ती एक गुप्त आकडा रेडिओ लहरींनी गाडीकडे पाठविते. हा आकडा दर वेळी बदलतो. दोन मित्रांजवळ आकड्यांची एकसारखी वही आहे असे समजा. एकाने पहिला आकडा सांगितला की दुसरा वहीत ताडून पाहतो आणि तो खोडून टाकतो. पुढच्या वेळी दुसरा आकडा. चोराने पहिला आकडा चोरून ऐकला तरी तो खोडलेला असतो. याशिवाय बहुतेक नव्या गाड्यांच्या किल्लीत एक लहानशी चकती असते. तिची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. म्हणून हल्ली नुसत्या तारा जोडून गाडी पळविणे अवघड झाले आहे.

उन्हात बंद गाडी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो. तो आसने व पुढची फळी तापवितो. तापलेल्या वस्तू आतील हवा तापवितात आणि ती हवा बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली याची मोजणी प्रसिद्ध केली. बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढले, आणि त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. तेथे बाहेरची हवा २२ ते ३६ अंश होती. आपल्या माळव्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पुढचे गणित वाचकांनीच करावे.

लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. म्हणून ‘दोन मिनिटांत भाजी घेऊन येतो’ असे म्हणून मुलाला गाडीत ठेवणे कधीही योग्य नाही, मूल झोपलेले असले तरी नाही आणि वातानुकूलन चालू असले तरीही नाही. ते बंद पडू शकते. दारात उभी असलेली गाडीसुद्धा कुलूप लावूनच ठेवावी. कारण मुले लपंडाव खेळताना आत शिरतात व त्यांना बाहेर येता येत नाही. मूल घरात सापडत नसेल तर पाण्याची टाकी व गाडी या दोन जागा प्रथम पाहाव्यात. काचांना काळी फिल्म लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निर्णयाने ती बंद केली आहे. शिवाय आत अडकलेले मूल तिच्यामुळे बाहेरच्यांना दिसत नाही.

तरीही प्रसंग आलाच तर काय करावे? दुसरी किल्ली हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर उन्हात वाट पाहू नये. ११२ या क्रमांकावर फोन करावा आणि काच फोडावी. पुढची मोठी काच फोडू नये. ती दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा घालून केलेली असते, म्हणून तडकते पण पडत नाही. दारांच्या काचा बहुधा कडक केलेल्या असतात. त्यांचे बारीक, बोथट तुकडे होतात. मुलापासून दूरची काच निवडावी आणि मध्यभागी न मारता कोपऱ्याजवळ टोकदार पोलादी वस्तूने घाव घालावा. हात कापडाने गुंडाळावा, तोंड वळवावे. मुलाला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि ते बरे दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

पाण्यात सापडलेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात कित्येक माणसे रस्त्यावर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीतच गुदमरून गेली. काचा वर, कुलपे लागलेली, वीज बंद. पुढे २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसातही मुंबईत शीव भागात एक तरुण वकील असाच गाडीत मृत सापडला. आपणही पावसाळ्यात मांडूला जातो, ओढ्यावरचे फरशीपूल ओलांडतो. म्हणून हे समजून घ्यावे.

पाणी चढल्यावर दार का उघडत नाही? शाळेतील गणितच करून पाहू. दार एक मीटर रुंद आहे आणि बाहेर पाणी दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर चढले आहे. पाण्याखालील भाग अर्धा चौरस मीटर, सरासरी खोली पाव मीटर. गुणाकार ०.१२५ घनमीटर, म्हणजे १२५ लिटर पाण्याचे वजन. आत पाणी नसेल तर त्या दारावर सुमारे १२५ किलोचा भार पडला आहे! कुलूप उघडे असले तरी आतील माणसाला ते रेटणे कठीण. म्हणून नियम असा : पाणी चढू लागताच, वीज चालू आहे तोवर, प्रथम काच खाली करावी आणि त्या वाटेने बाहेर पडावे. मुलांना आधी काढावे. फोन करीत बसू नये. काच उतरत नसेल तर ती फोडावी. आणि सर्वांत उत्तम म्हणजे पाणी वाहत असलेल्या पुलावर गाडी घालूच नये.

जुन्या गडांचा महादरवाजा सूर्यास्तास बंद होई. पण त्या दरवाजातच माणूस वाकून जाईल अशी दिंडी ठेवलेली असे. हीच दूरदृष्टी आता कायद्यातही आली आहे. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत, वीज बंद पडली तरी सेंट्रल लॉक हाताने उघडता येईल अशी सोय असणे केंद्र सरकारने सक्तीचे केले. बहुतेक गाड्यांत पुढच्या दाराचे आतील हँडल एकदा किंवा दोनदा ओढले की कुलूपही उघडते. काहींत वेगळा खटका असतो. काही नव्या गाड्यांत तर दाराचे हँडलही विजेवरच चालते आणि हाताची सोय आडजागी दडविलेली असते. अशाच एका विजेच्या गाडीची २०२५ मध्ये अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने चौकशी सुरू केली. बाहेरची हँडले बंद पडल्याने आतील मुलांना काढण्यासाठी आईबापांना काचा फोडाव्या लागल्या होत्या. आपल्या गाडीची दिंडी कोठे आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुतेक घरांत वेष्टनातून बाहेरही निघालेली नसते.

किल्ली, चोर आणि भोंगा

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

किल्ली हे खेळणे नव्हे. तिच्यातील चपटा गोल सेल मुलाने गिळला व तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतील भाग गंभीरपणे भाजू शकतो. शंका जरी आली तरी उलटी न करविता थेट रुग्णालय गाठावे. सेल बदलताना जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये.

किल्लीचा सेल संपला म्हणून घाबरू नये. बहुतेक रिमोटच्या पोटात एक साधी धातूची किल्ली दडलेली असते आणि चालकाच्या दाराला, कधी झाकणाखाली, तिचे भोक असते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत रिमोट त्या बटणाला टेकविला की गाडी बहुधा सुरू होते.

कुलूप लावल्यावर हँडल ओढून पाहावे. केवळ बटण दाबून पाठ फिरवू नये. गर्दीच्या जागी चोर लहरींत अडथळा आणतात, कुलूप लागतच नाही आणि आपण निश्चिंतपणे बाजारात जातो.

ज्यांच्या गाडीचे दार किल्ली खिशात असतानाच उघडते, त्यांनी विशेष जपावे. दोन चोर दोन यंत्रे घेऊन येतात. एक घराच्या भिंतीजवळ, दुसरा गाडीजवळ. आतल्या किल्लीची लहर ते गाडीपर्यंत वाहून नेतात. झुरिच येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा दहा नमुन्यांच्या गाड्या तपासल्या. सर्व दहा उघडल्या. उपाय सोपा आहे. रात्री किल्ली घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. डबा घेऊन गाडीजवळ जावे. दार उघडले नाही तर डबा योग्य समजावा.

काही गाड्यांत बाहेरून विशेष रीतीने कुलूप लावले तर आतील हँडलेही निकामी होतात. आत माणूस असताना तसे कधी लावू नये. तसेच आत कोणी बसलेले असता रिमोटने कुलूप लावले व आतून दार उघडले तर भोंगा वाजतो. तेव्हा गोंधळू नये, रिमोटचे उघडण्याचे बटण दाबावे.

भोंगा बाजारातून स्वस्तात बसवून घेण्याचा मोह टाळावा. तारा कापून केलेली जोडणी पुढे ठिणगीचे कारण होते आणि गाडीची हमीही जाऊ शकते. मांजर चढले तरी ओरडणारा भोंगा नीट करून घ्यावा. रात्री दहा ते सकाळी सहा शेजाऱ्यांना शांततेचा हक्क आहे. शिवाय रोज ओरडणाऱ्या भोंग्याकडे खऱ्या वेळी कोणी पाहत नाही. मात्र दुसऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला तर काचेतून एकदा आत डोकवावे. चोर नसेल, पण एखादे मूल असू शकेल.

घरचा अभ्यास

पाठ संपला की अभ्यास द्यावयाचा, ही मास्तरांची खोड. येत्या रविवारी घरातील सर्वांनी मिळून, सावलीत उभ्या गाडीत, एवढे करावे.

१. पुस्तिकेत पाहून वीज नसताना दार हाताने उघडण्याची सोय शोधावी. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने, आजी-आजोबांनीही, ती स्वतः वापरून पाहावी.

२. रिमोटमधील धातूची किल्ली काढून तिने बाहेरून दार उघडून पाहावे.

३. चाइल्ड लॉकचा खटका प्रत्येकाने हात लावून पाहावा.

४. सात-आठ वर्षांवरील मुलांना पुढच्या आसनाकडे सरकून पुढचे दार कसे उघडावे आणि भोंगा दाबून हाक कशी द्यावी हे शिकवावे.

५. काच फोडण्याची टोकदार हातोडी चालकाच्या हाताशी ठेवावी, डिकीत नव्हे.

६. दुसरी किल्ली कपाटात कुलूपबंद न ठेवता, प्रवासात घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ द्यावी.

या सर्वांस अर्धा तास लागेल.

आमच्या घरात आता दुसरी किल्ली भाचीच्या पर्सेत असते आणि हातोडी माझ्या आसनाशेजारी. ती मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली. तिला त्या दुपारचे काही आठवत नाही. देवासला जाणे होते तेव्हा मी त्या पंक्चरच्या दुकानाशी थांबून चाकांत हवा भरून घेतो, गरज असो वा नसो.